दिवाणखान्याची किल्ली

२०२५ च्या दिवाळीत भाऊबीजेला ताईकडे गेलो होतो. फराळ आटोपला आणि भाच्याने कोपऱ्यातला जुना संगणक दाखवत विचारले, "मामा, हा टीव्हीखाली ठेवायचा आणि कोचावर बसून गेम खेळायचे, असा बेत आहे. विंडोज काढून लिनक्स टाकतोय. पण कोणतं लिनक्स टाकू?"

प्रश्न वेळेवरचा होता. जेमतेम आठवडाभर आधी, १४ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला दिला जाणारा नेहमीचा आधार थांबवला होता आणि विंडोज ११ या यंत्राला दारात उभे करत नव्हते. संगणक धडधाकट होता. कागदोपत्री तेवढा तो निवृत्त झाला होता.

मी सरळ उत्तर दिले नाही, गोष्ट सांगायला बसलो. तीच आज आपल्यालाही सांगतो. कारण कोणते लिनक्स निवडावे, याचे उत्तर गेल्या तीस-पस्तीस वर्षांच्या इतिहासात दडलेले आहे.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा कारभारी. गेमला पडद्यावर चित्र काढायचे असो की आवाज काढायचा असो, अर्ज या कारभाऱ्याकडेच करावा लागतो. जानेवारी १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ३८६ जातीचा संगणक घेतला. त्याने मिनिक्स नावाची सिस्टीम मागवली होती. तिच्या फ्लॉपी येईपर्यंत तो 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा गेम खेळत बसे, असे त्यानेच आपल्या आठवणींत सांगितले आहे. त्याच वर्षी त्याने स्वतःचा कारभारी लिहायला घेतला. तोच लिनक्स. त्याचा सारा मजकूर उघडा होता. कोणीही वाचावा, सुधारावा आणि पुढच्याला द्यावा.

गेम मात्र दुसऱ्याच भाषेत बोलू लागले. १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने डायरेक्टएक्स आणले. चित्र, आवाज, खेळण्याची कांडी या साऱ्यांसाठीची ही ठरावीक अर्जांची भाषा. गेम लिहिणाऱ्यांना ती सोयीची वाटली आणि बहुतेक गेम विंडोजशीच बोलू लागले. लिनक्सपुढे दोनच वाटा उरल्या. एकतर प्रत्येक गेम लिनक्सच्या भाषेत नव्याने लिहून घ्यायचा, नाहीतर मध्ये दुभाष्या बसवायचा.

पहिल्या वाटेवर १९९४ मध्येच एक पाऊल पडले होते. आयडी सॉफ्टवेअर या कंपनीतल्या डेव्ह टेलरने गाजलेला 'डूम' लिनक्सवर आणला होता. पण या वाटेवर दुकान थाटले ते स्कॉट ड्रेकर या वकिलाने. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात त्याने लोकी सॉफ्टवेअर ही कंपनी काढली. विंडोजवर गाजलेल्या गेमचा परवाना घ्यायचा, तो लिनक्ससाठी उतरवायचा आणि खोक्यात घालून विकायचा, हा धंदा. १९९९ मध्ये 'सिव्हिलायझेशन: कॉल टू पॉवर' बाजारात आला आणि पाठोपाठ इतरही आले. पण गिऱ्हाईक थोडे, आणि तेही विंडोजवाल्यांनंतर महिनोन् महिने थांबलेले. ऑगस्ट २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि जानेवारी २००२ मध्ये दाराला कुलूप लागले.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. लोकीत काम करणाऱ्या सॅम लँटिंगाने एसडीएल नावाचे एक साधन लिहिले होते. पडदा, आवाज आणि कांडी यांच्याशी कोणत्याही सिस्टीमवर एकाच रीतीने बोलण्याचे ते साधन होते. ते उघडे होते, म्हणून कंपनी बुडाली तरी ते तरले. आजही असंख्य गेम त्याच्यावर चालतात. पुढे २०१२ मध्ये लँटिंगा व्हॉल्व या कंपनीत गेला. त्या कंपनीकडे आपण येणारच आहोत.

दुसरी वाट दुभाष्याची. १९९३ मध्ये 'वाइन' नावाचा प्रकल्प सुरू झाला. विंडोजसाठीचा कार्यक्रम जो अर्ज करील तो वाइनने ऐकायचा आणि लिनक्सच्या भाषेत पुढे द्यायचा. १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार्ड हे काम सांभाळत आले. पहिली पक्की आवृत्ती, म्हणजे १.०, कधी निघाली? जून २००८ मध्ये! पंधरा वर्षे लागली. अनेकांना पगार नाही, गाजावाजा नाही, तरी माणसे दुभाष्याला एकेक शब्द शिकवत राहिली.

तोवर मोठ्या कंपन्या दिवाणखान्यात शिरल्या होत्या. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स आला. सोनीने तर प्लेस्टेशन २ साठी चक्क लिनक्सचा संच विकला आणि २००६ च्या प्लेस्टेशन ३ वरही दुसरी सिस्टीम टाकण्याची मुभा ठेवली. मग १ एप्रिल २०१० रोजी एक अपडेट आले आणि ती मुभा गेली. अपडेट घेतले तर लिनक्स बंद, न घेतले तर इंटरनेटवरचे खेळणे बंद. अमेरिकेत ग्राहक कोर्टात गेले आणि पुढे तडजोड झाली. पण धडा मिळायचा तो मिळाला. घर आपले, टीव्ही आपला, यंत्रही पैसे मोजून घेतलेले, मात्र किल्ली दुसऱ्याकडे.

हीच भीती एका बड्या दुकानदारालाही वाटली. मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या गेब न्यूएल आणि माइक हॅरिंग्टन यांनी १९९६ मध्ये व्हॉल्व काढली. २००३ मध्ये तिचे 'स्टीम' सुरू झाले आणि पुढे ते इंटरनेटवरून गेम विकणारे दुकान बनले. ते उभे होते विंडोजच्या अंगणात. २०१२ मध्ये विंडोज ८ आले, तेही पोटात स्वतःचे दुकान घेऊन. अंगणाचा मालकच शेजारी दुकान मांडू लागला, तर भाडेकरूने काय करायचे? न्यूएल यांनी विंडोज ८ हे सर्वांसाठी अरिष्ट असल्याचे जाहीरपणे सांगितले आणि लिनक्सकडे मोर्चा वळवला. यात परोपकार थोडा, स्वसंरक्षण अधिक. ते नाकारण्यात अर्थ नाही.

फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आले. डिसेंबरात डेबियनवर बेतलेली 'स्टीमओएस' आली आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये टीव्हीखाली ठेवायची 'स्टीम मशीन' बाजारात उतरली. ती आपटली. यंत्रे वेगवेगळ्या कंपन्यांची, किमती चढ्या, मोठे गेम लिनक्सवर नाहीत, आणि जे होते त्यातले काही विंडोजपेक्षा हळू चालत. लोकीचीच गोष्ट नव्याने घडली. कारभारी बदलला, पण गेमची भाषा तीच राहिली.

मग व्हॉल्वने वाट बदलली. फिलिप रेबोले या प्रोग्रॅमरला 'नियर: ऑटोमाटा' हा गेम लिनक्सवर खेळायचा होता. डायरेक्टएक्सचे अर्ज व्हल्कन या २०१६ मधल्या खुल्या चित्रभाषेत उलथवणारे साधन त्याने स्वतःच लिहायला घेतले. त्याचे नाव डीएक्सव्हीके. व्हॉल्वने त्याच्या कामाला पैसा पुरवला, वाइनशी त्याची सांगड घातली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये 'प्रोटॉन' बाहेर आणले. सुरुवातीला तपासून दिलेले गेम होते अवघे २७. त्यांत 'नियर' होता आणि 'डूम'ही होता. २०२२ मध्ये हातात धरायचे 'स्टीम डेक' आले, तेव्हा आत लिनक्स आहे याचा पत्ताही अनेकांना लागला नाही. हेच त्याचे यश. १२ नोव्हेंबर २०२५ रोजी, म्हणजे आमच्या भाऊबीजेनंतर तीन आठवड्यांच्या आत, व्हॉल्वने स्टीम मशीन पुन्हा जाहीर केले.

आता भाच्याचा प्रश्न. स्टीम डेकमधली स्टीमओएस आर्च लिनक्सवर उभी आहे, पण ती बेतलेली आहे व्हॉल्वच्या यंत्रांसाठी आणि मूठभर जवळच्या यंत्रांसाठी. घरच्या जुळवलेल्या संगणकांची सोय स्वयंसेवकांनी केली. फेडोरावर उभे असलेले, २०२३ मधले 'बझाइट' हे त्यांतले एक. आर्चवरचे 'किमेराओएस' दुसरे. आणि टेबलावरही काम करायचे असेल त्यांच्यासाठी 'नोबारा'.

बझाइटची रीत दिवाणखान्याला मानवणारी आहे. सिस्टीमचा गाभा कुलूपबंद असतो आणि अपडेट आले की तो संपूर्ण नवा येतो. जुना मात्र जवळच राहतो. खिळ्याला नवे कॅलेंडर टांगावे आणि जुने त्याच्याच मागे राहू द्यावे, तसे. नव्यात काही बिघडले तर जुन्याकडे परतता येते. कोचावर कांडी घेऊन बसलेल्या माणसाला दुरुस्ती करायला कीबोर्ड आणावा लागू नये, यासाठी ही व्यवस्था.

पण उघड्या रस्त्यावरही नाकी आहेत. पहिले नाके चोरी पकडणाऱ्या पहारेकऱ्यांचे. अनेकांनी मिळून खेळायच्या गेममध्ये लबाडी रोखणारा कार्यक्रम असतो. काहींनी २०२१ मध्ये लिनक्सला वाट दिली, पण अंतिम होकार गेम बनवणाऱ्याचा. 'एपेक्स लेजंड्स'ने २०२४ मध्ये दिलेला होकार परत घेतला. 'व्हॅलोरंट'चा पहारेकरी फक्त विंडोज ओळखतो. दुसरे नाके टीव्हीच्या खाचेचे. घरचा टीव्ही एचडीएमआय जाणतो आणि त्या जोडणीचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये एएमडीला एचडीएमआय २.१ साठीचा उघडा ड्रायव्हर देण्यास नकार दिला. फोरके चित्र सेकंदाला १२० वेळा हवे, असा हट्ट असेल तर हे आधी बघावे. तिसरे नाके आधाराचे. जून २०२५ मध्ये फेडोरात जुने ३२-बिट भाग वगळण्याचा प्रस्ताव आला. तसे झाले तर आम्हाला गाशा गुंडाळावा लागेल, असे बझाइटच्या संस्थापकाने सांगितले. प्रस्ताव मागे घेतला गेला. पण छोट्या प्रकल्पाचे छप्पर दुसऱ्याच्या भिंतीवर असते, हे दिसले.

म्हणून मी भाच्याला नाव सांगितले नाही, चार प्रश्न दिले. कोणते गेम खेळणार, त्यांची यादी लिही. चित्राचे कार्ड कोणाचे आहे ते पाहा, एएमडीचे असेल तर वाट सोपी. टीव्हीकडून नेमके काय हवे ते ठरव. आणि उद्या सिस्टीम बिघडली तर घरात ती कोण सावरणार, ते सांग.

त्याने वहीत लिहिले. कार्ड एएमडीचे, टीव्ही साधा, सावरणारा तो स्वतः. बारा गेमपैकी अकरा चालणारे. बारावा 'व्हॅलोरंट', आणि तोच रात्री मित्रांबरोबर खेळायचा. तो बराच वेळ गप्प बसला. त्याला वाटणारी हळहळ मी खोटी म्हणणार नाही. दिवाळखोर लोकीपासून आजपर्यंत ज्यांनी ही वाट धरली, त्यांनी काही ना काही सोडलेच आहे.

शेवटी आम्ही आधी ताईचे सगळे फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले, कारण नवी सिस्टीम चढवताना जुनी डिस्क पुसली जाते. मग बझाइट चढवले. 'व्हॅलोरंट' तो आता शनिवारी मित्राच्या घरी जाऊन खेळतो. टीव्हीवर त्याने पहिल्यांदा लावला तो 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा २०२४ मधला नवा अवतार. टोरवाल्ड्स फ्लॉपींची वाट पाहत याच नावाचा जुना गेम खेळत होता, हे मी त्याला सांगितले. "थांब मामा," तो म्हणाला, "आत्ता मरेन." आणि मेलाच. मग त्याने कांडी माझ्या हातात दिली.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)