माळ्यावरच्या कॅसेटमधला आपला इतिहास

आज आपण बोलणार आहोत जुन्या व्हिडिओ कॅसेटविषयी. लग्नाची, बारशाची, गटाच्या मेळाव्याची कॅसेट बऱ्याच घरांत माळ्यावर नाहीतर ट्रंकेत पडून असते. कॅसेट आहे, पण ती लावायला यंत्र नाही. ही वेळ कशी आली आणि त्यातलं चित्र संगणकात आणायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते पाहू या.

चित्र फितीवर साठवणारं पहिलं यशस्वी यंत्र अमेरिकेतल्या अँपेक्स कंपनीनं १९५६ साली आणलं. त्याची फीत दोन इंच रुंद होती. ते अवजड, महागडं यंत्र टीव्ही केंद्रांनाच परवडायचं. पुढं जपानी कंपन्यांनी अर्ध्या इंचाची फीत घराघरांत नेली. १९७५ साली सोनीची बीटामॅक्स आली आणि १९७६ साली जेव्हीसीची व्हीएचएस. आपल्या घरांतली मोठी काळी कॅसेट असते, ती बहुतेक ही व्हीएचएसच. १९८३ मध्ये कॅमेरा आणि रेकॉर्डर एकत्र असलेलं घरगुती यंत्र सोनीनं काढलं. दोनच वर्षांनी तळहातात मावणारी आठ मिलिमीटरची कॅसेट आली, आणि हातात धरायचा छोटा कॅमेरा, हॅन्डीकॅम, लोकांच्या ओळखीचा झाला.

आपल्याकडं १९८२ साली, आशियाई खेळांच्या वर्षी, दूरदर्शन रंगीत झालं. मग भाड्यानं व्हीसीआर आणून रात्रभर सिनेमे बघणं सुरू झालं, आणि पाठोपाठ लग्नात 'शूटिंगवाला' आला.

त्या शूटिंगमध्ये बायका किती दिसतात, ते आठवून पाहा. हळद लावणाऱ्या, पंगतीला वाढणाऱ्या, रुखवत मांडणाऱ्या सगळ्या बायकाच. पण कॅसेटवरच्या चिठ्ठीत नाव असतं ते घराण्याचं. आवाजाचंही तसंच. शूटिंगवाले कॅसेट तयार करताना पुष्कळदा मूळ आवाज काढून त्यावर सिनेमाची गाणी बसवायचे. म्हाताऱ्या बायांनी म्हटलेली हळदीची गाणी त्याखाली गेली. घरच्या कुणी सहज घेतलेल्या कच्च्या शूटिंगमध्ये मात्र ती अजून असू शकतात. म्हणून आम्ही म्हणतो, साधी, हललेली, घरगुती कॅसेट आधी वाचवा.

कॅमेरा कायम पुरुषाच्याच हाती होता असंही नाही. अहमदाबादच्या सेवा संघटनेत १९८४ साली मार्था स्टुअर्ट या अमेरिकन बाईंनी व्हिडिओचं शिबीर घेतलं. भाजी विकणाऱ्या आणि इतर कष्टकरी बायका त्यात शिकल्या. काहींना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी कॅमेरा चालवला. त्यातून 'व्हिडिओ सेवा' उभी राहिली. तेलंगणात झहीराबादजवळ पस्तापूरच्या दलित शेतकरी बायकांनीही कॅमेरा हाती घेतला. त्याच भागातलं संघम रेडिओ केंद्र २००८ पासून बायका चालवतात.

आता यंत्राकडं येऊ. फीत म्हणजे प्लॅस्टिकची पट्टी आणि तिच्यावर चुंबकाला ओढ घेणाऱ्या भुकटीचा लेप. त्या लेपावर चित्र उमटलेलं असतं. एका कॅसेटवरून दुसरी केली की चित्र थोडं फिकं होतं, तिसरी आणखी फिकी. पूर्वी दोन व्हीसीआर जोडून असंच जोडकाम करायचे, त्यामुळं तयार कॅसेट मूळपेक्षा पुसटच निघायची. १९९५ साली डीव्ही पद्धत आली. तिच्यात चित्र आकड्यांच्या रूपात साठतं, म्हणून नक्कल मूळाइतकीच स्वच्छ निघते. अशा कॅसेटचा एक तास संगणकात सुमारे १३ जीबी जागा घेतो.

जुन्या व्हीएचएसला आधी आकड्यांत बदलावं लागतं. व्हीसीआरमधून पिवळी, पांढरी आणि लाल वायर एका छोट्या डबीत जाते आणि डबी संगणकाला जोडतात. पिवळी चित्राची, बाकी दोन आवाजाच्या. आठ मिलिमीटरची कॅसेट लावायला बहुतेक वेळा तो जुना कॅमेराच लागतो, म्हणून बंद पडलेला वाटला तरी तो भंगारवाल्याला देऊ नका. संगणकावर हलत्या माणसाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसल्या तर घाबरू नका. जुन्या टीव्हीचं चित्र एकाआड एक ओळींत भरलेलं असतं, त्याची ती खूण. 'डीइंटरलेस' नावाची सोय वापरली की त्या जातात.

घाई अशासाठी, की व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीनं, जपानच्या फुनाईनं, २०१६ साली हे काम थांबवलं. आता आहेत तीच यंत्रं. त्यात आपल्या पावसाळी हवेत फितीवर बुरशी धरते. फितीवर पांढरे ठिपके दिसले तर कॅसेट लावू नका, यंत्र बिघडतं आणि बुरशी दुसऱ्या कॅसेटलाही लागते. जाणकाराकडून आधी साफ करून घ्या. व्हीएचएसच्या पाठीवर छोटी पट्टी असते, ती मोडून टाका, म्हणजे चुकून वरून काही भरलं जाणार नाही.

एक गोष्ट मात्र झटपट होत नाही. तासाची कॅसेट संगणकात यायला तासच लागतो. हा तास वाया घालवू नका. त्या वेळी घरातल्या जाणत्या बाईला शेजारी बसवा आणि वही घ्या. ही कोण, कुठली, कुणाची लेक, कोणतं गाणं म्हणते, हे कितव्या मिनिटाला दिसलं तेही लिहा. संगणक चित्र जपेल, पण त्याला नावं ठाऊक नसतात. ती सांगणाऱ्या आज आपल्यात आहेत, उद्याचं कुणी सांगावं.

कापाकापी नेहमी नकलेवर करा. मूळ फाईल अख्खी ठेवा, दोन नकला दोन वेगळ्या घरांत ठेवा आणि कॅसेटही टाकू नका. एका घराला हा खर्च जड जातो, गटानं मिळून केला तर झेपतो. पुढच्या बैठकीत एवढंच विचारा, कुणाच्या माळ्यावर काय आहे? जे निघेल त्याची यादी करा आणि सर्वांत जुन्या कॅसेटपासून सुरुवात करा.