सातव्या एडवर्डचे पोट आणि लांबलेला राज्याभिषेक

१/
२६ जून १९०२ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक ठरला होता. साम्राज्यभरातून पाहुणे विलायतेस निघाले होते. कोल्हापूरचे शाहू महाराजही त्यांत होते. परंतु दोनच दिवस आधी, २४ जूनला, बकिंगहॅम राजवाड्यात राजाच्या पोटावर शस्त्रक्रिया करावी लागली.

२/
निदान होते आंत्रपुच्छाच्या दाहाचे; त्याभोवती पुवाचे गळू झाले होते. रुग्ण ६० वर्षांचा, धूम्रपानाचा शौकीन, कमरेचा घेर सुमारे ४८ इंच. अशा देहाला भूल देणे जोखमीचेच. पण खरी कसोटी पुढे, जखम भरण्याची होती.

३/
चरबीच्या थराला त्याच्या आकारमानाच्या मानाने रक्तपुरवठा तोकडा असतो. प्राणवायू आणि जंतूंशी झुंजणाऱ्या पेशी जखमेपर्यंत रक्तच पोहोचवते. शिवाय जाड थर शिवताना आत पोकळी राहते, तीत द्रव साचतो व जंतू फोफावतात. सुटलेल्या पोटाचा ताण टाक्यांवर पडतो तो वेगळाच. म्हणून केवळ वजन पाहून भागत नाही. चरबी कोठे साठली आहे, हेही पाहावे लागते. मांड्यांवरची चरबी पोटावरच्या छेदाच्या वाटेत येत नाही, पोटावरची येते.

४/
शल्यविशारद फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी आंत्रपुच्छ काढण्याचा मोह टाळला. गळू फोडून पू वाहू दिला आणि निचऱ्यासाठी जखमेत नळ्या ठेवल्या. पुवाची जखम वरून घट्ट शिवली, तर विष आतच कोंडते. ती तळापासून वर भरत यावी लागते. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा, त्यामुळे या निचऱ्यावरच राजाचे प्राण अवलंबून होते.

५/
राजा बरा झाला. ९ ऑगस्टला, शस्त्रक्रियेनंतर ४६ व्या दिवशी, आटोपशीर सोहळ्यात त्याच्या मस्तकी मुकुट चढला. याच मधल्या काळात, २६ जुलैला, शाहू महाराज विलायतेत असतानाच कोल्हापूर संस्थानात मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवणारा जाहीरनामा निघाला.

६/
आज प्रतिजैविके हाताशी आहेत. तरीही स्थूल रुग्णाच्या पोटावरील दूषित जखम अनेकदा उघडी ठेवून मागाहून शिवली जाते. औषधे बदलली, चरबीतला रक्तपुरवठा मात्र तेवढाच तोकडा राहिला.