लूर्दची गुहा : मरियामातेच्या दर्शनांचा आज अर्थ काय?

मरियामातेच्या दर्शनांचा विषय निघाला की हल्ली बोलणं फार लवकर गुपितांकडे वळतं. कोणतं भाकीत खरं ठरलं, शिक्षा कधी येणार, कुठली नोव्हेना केली तर ती टळणार. फोनवर असे निरोप रोज येतात, आणि तुम्हा-आम्हा सगळ्यांनाच येतात. आज आपण तिकडे जाणार नाही आहोत. आपण जाणार आहोत १८५८ सालच्या लूर्दला, कारण तिथे नेमकं काय घडलं याची कागदपत्रं भरपूर आहेत आणि त्यात भाकितांना जवळजवळ जागाच नाही.

लूर्द तेव्हा पिरेनीज डोंगराच्या पायथ्याचं लहानसं गाव होतं. बर्नादेत सुबिरू १४ वर्षांची. बाप पिठाची गिरणी चालवायचा, ती गेली. पुढे कुटुंबातली सहा माणसं एका खोलीत राहायला आली, आणि ही खोली म्हणजे गावचा जुना तुरुंग, ओलसर म्हणून कैद्यांसाठीही बंद केलेला. पीठ चोरल्याच्या संशयावरून बापाला काही दिवस कोठडीतही ठेवलं होतं. मुलीला दमा. धर्मशिक्षण अपुरं, त्यामुळे प्रथम कम्युनियनही झालेलं नव्हतं. फ्रेंच तिला धड येत नव्हती, ती बिगोर भागातली ऑक्सिटन बोली बोलायची. गावाच्या हिशेबात हे कुटुंब अगदी तळाचं, असंच म्हणा ना.

११ फेब्रुवारीला ती बहीण आणि एका मैत्रिणीबरोबर सरपण गोळा करायला गाव्ह नदीकाठच्या मासाब्येलच्या गुहेपाशी गेली. तिथे तिला पांढऱ्या वस्त्रातली एक लहानखुरी तरुणी दिसली. १६ जुलैपर्यंत अशी १८ दर्शनं झाली. आता गंमत पाहा, बर्नादेत कित्येक दिवस ‘मला मरियामाता दिसली’ असं म्हणतच नव्हती. तिचा शब्द होता ‘आकेरो’. मराठीत सांगायचं तर नुसतं ‘ते’. पोलीस अधिकारी जाकोमे यांनी २१ फेब्रुवारीला तिची चौकशी केली, तिचा जबाब मुद्दाम फिरवून तिला वाचून दाखवला. प्रत्येक वेळी तिने चूक दाखवली, पण जे पाहिलं त्यात स्वतःची भर घातली नाही. आम्हाला वाटतं, तिच्या साक्षीचं वजन इथे आहे.

तिसऱ्या दर्शनाच्या वेळी, १८ फेब्रुवारीला, गावातल्या दोन बायकांनी तिच्याबरोबर लेखणी आणि कागद दिले होते. नाव लिहून घे म्हणून. ती तरुणी हसली आणि म्हणाली, त्याची गरज नाही. मग तिने बर्नादेतला विचारलं की पंधरा दिवस इथे येण्याची कृपा कराल का? बोलीतलं क्रियापद आदरार्थी आहे, मराठीत आपण ‘आपण’ म्हणू तसं. त्या तुरुंगाच्या खोलीतल्या पोरीला गावात कोणी ‘अहो-जाहो’ करत नव्हतं. बर्नादेतच्या मनावर हीच गोष्ट ठसली होती: एका माणसाने दुसऱ्या माणसाशी बोलावं तसं ‘ते’ तिच्याशी बोललं. आमच्या मते लूर्दच्या संदेशाचा गाभा इथेच आहे. झऱ्याच्या आधी, आजारी बरे होण्याच्याही आधी.

झरा आला २५ फेब्रुवारीला. तिने हाताने माती उकरली, गढूळ पाणी प्यायली, चेहरा चिखलाने माखला, तिथलं गवत खाल्लं. जमलेल्या लोकांना वाटलं, पोरगी वेडी झाली. पापी लोकांसाठी प्रायश्चित्त करायला सांगितलंय, एवढंच तिचं म्हणणं.

२५ मार्चला नाव सांगितलं गेलं : ‘निष्कलंक गर्भसंभव’. अर्थ न कळल्याने ती हे शब्द वाटभर घोकत फादर पेरामाल यांच्याकडे गेली. पोप नववे पायस यांनी हा सिद्धांत ८ डिसेंबर १८५४ रोजी जाहीर केला होता, तेव्हा तिने तो प्रवचनात ऐकला असेल, अशी शंका घेतली जाते. शंका वाजवी आहे. पण ऐकलेलं सांगणारी मुलगी ‘मी निष्कलंक माता’ असं म्हणाली असती. माणसाऐवजी घटनेचंच नाव घेणं पेरामाल यांनाही चमत्कारिक वाटलं होतं.

पुढे काय झालं ते थोडक्यात. गुहेत आणखी ‘द्रष्टे’ निघाले, गोंधळ माजला, सरकारने जूनमध्ये कुंपण घातलं, ऑक्टोबरमध्ये ते काढलं. तार्बचे बिशप लोरांस यांनी चौकशी समिती नेमली आणि निर्णय दिला १८ जानेवारी १८६२ रोजी. साडेतीन वर्षांनी! त्या नव्या द्रष्ट्यांपैकी कोणालाही मान्यता मिळाली नाही.

आणि मान्यता म्हणजे तरी काय? ख्रिस्तसभेच्या शिकवणीप्रमाणे असं दर्शन ‘खाजगी प्रकटीकरण’ असतं. शुभवर्तमानात ते काही भर घालत नाही. कॅथलिक माणसाने लूर्दवर विश्वास ठेवलाच पाहिजे असं बंधन नाही. मे २०२४ मध्ये व्हॅटिकनने नवे नियम काढले, त्यांनुसार बिशपांनी सहसा ‘हे अलौकिकच आहे’ असं जाहीर करायचं नाही. भक्तीला हरकत आहे की नाही, एवढं सांगायचं. मेजुगोर्येबाबत त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये असाच निर्णय झाला. काहींना हा पळपुटेपणा वाटतो. आम्हाला वाटत नाही. प्रश्न ‘खरंच दिसली का’ इथून ‘तिथे जाऊन माणसं काय होतात’ इकडे सरकला आहे, आणि भाविकाला जगायला तोच प्रश्न लागतो.

आजाऱ्यांचंच घ्या. लूर्दला १८८३ पासून वैद्यकीय तपासणी कचेरी आहे. आजवर चमत्कार म्हणून मान्य झालेल्या घटना जेमतेम ७०च्या पुढे. लाखो आजारी गेले, बहुतेक जसे गेले तसेच परतले. मग फसवणूक झाली का? बर्नादेतकडे पाहा. ती १८६६ मध्ये नव्हेरच्या मठात गेली, रुग्णसेवा केली, गुडघ्याच्या क्षयाने कळा सोसल्या आणि १६ एप्रिल १८७९ रोजी ३५व्या वर्षी वारली. या जगात सुखी करण्याचं वचन तिला मिळालेलं नव्हतं. लूर्दला आजही आजाऱ्यांच्या चाकाच्या खुर्च्या पुढे असतात, धडधाकट माणसं मागे. एरवी ज्यांना आपण मागच्या खोलीत ठेवतो, ती माणसं तिथे पहिल्या रांगेत बसतात.

मालाडच्या ऑर्लेमला लूर्द मातेचं चर्च आहे, आणि आपल्याकडे कितीतरी अंगणांत गुहा करून तिची मूर्ती ठेवतात. निळा पट्टा, जोडलेले हात, वर पाहणारे डोळे. ही मूर्ती शिल्पकार फाबिश यांच्या १८६४ सालच्या मूर्तीवरून आलेली. बर्नादेतला ती दाखवली तेव्हा तिचं समाधान झालं नव्हतं. तिने पाहिलेली तरुणी याहून लहान होती, जवळजवळ तिच्याएवढीच.