सायकलीची वाट आणि सरपणाचा हक्क

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, ताईंनी आज हे काय काढलं! इंग्लंडमधल्या एका राष्ट्रीय उद्यानातून सायकलवर रमतगमत फिरायचं, असा आहे विषय. आपल्याला विहिरीवरून यायला उशीर होतो, तिथे सायकलवर रमतगमत कोण फिरणार? पण थोडं थांबा. त्या सायकलीच्या वाटेवर सरपण आहे, चराई आहे, गावाची सभा आहे, सरकारशी आठशे-नऊशे वर्षं चाललेला तंटा आहे. म्हणजे सगळं आपल्याच ओळखीचं.

या जागेचं नाव न्यू फॉरेस्ट, म्हणजे नवं जंगल. इंग्लंडच्या दक्षिणेला हॅम्पशायर जिल्ह्यात ते आहे. नाव नवं, पण जंगल जुनं. ब्रोकनहर्स्ट नावाच्या गावी रेल्वे उतरवते. ही रेल्वे तिथे १८४७ साली आली. स्टेशनाजवळ भाड्याने सायकल मिळते. गावाबाहेर पडलं की ओक आणि बीचच्या झाडांची दाट सावली लागते. पुढे झाडी एकदम संपते आणि मैलोन्‌मैल उघडा माळ पसरतो. त्याला तिकडे हीथ म्हणतात. गुडघाभर उंचीची खुरटी झुडपं, ऑगस्टमध्ये त्यांना जांभळी फुलं येतात. मधूनमधून पिवळ्या फुलांची काटेरी गॉर्सची जाळी. वाट मुरमाची, वळणावर आकडे घातलेले खांब, खांबाचा आकडा बघत पुढे जायचं. आणि वाटेत कोण भेटतं? मोकळी सुटलेली तट्टं, गाई, गाढवं. ती रस्त्यात उभी राहिली की मोटारही थांबते. कुंपण नसलेल्या रस्त्यांवर ताशी चाळीस मैलांच्या, म्हणजे सुमारे चौसष्ट किलोमीटरच्या वर गाडी नेता येत नाही.

ही तट्टं रानटी दिसतात, पण रानटी नाहीत. प्रत्येक जनावराला मालक आहे, अंगावर डाग दिलेला आहे. चराईची वर्षाची फी भरली की ॲजिस्टर नावाचा राखण्या त्याच्या शेपटीचे केस ठरावीक पद्धतीने कापतो. शेपटी बघून कळतं की हे जनावर कुठल्या राखण्याच्या हद्दीतलं, आणि याची फी भरली आहे. साधी पावतीच म्हणा ना, फक्त कागदाऐवजी शेपटीवर दिलेली.

आता हे असं कसं झालं, ते ऐका.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यम राजाने इंग्लंड जिंकलं. त्याला शिकारीचं फार वेड. १०७९च्या सुमारास त्याने हा मुलूख आपल्या शिकारीसाठी राखून ठेवला. १०८६ साली राज्याची जी मोठी जमीनमोजणी झाली, तिच्यातही या जंगलाची नोंद आहे. त्या काळी 'फॉरेस्ट' या शब्दाचा अर्थ झाडी असा नव्हता. जिथे राजाचा वनकायदा चालतो ती हद्द म्हणजे फॉरेस्ट, मग तिथे झाड असो की माळ. हरिण राजाचं, आणि हरिण ज्यावर जगतं तो पालाही राजाचा. हरणामागे धावू नयेत म्हणून मोठ्या कुत्र्यांच्या पुढच्या पायाची नखं तोडत. हरिण मारणाऱ्याचा हात जाई, डोळे जात, जीवही जाई.

लोक शंभराहून अधिक वर्षं हे सोसत राहिले. मग १२१७ साली, राजगादीवर एक लहान मुलगा होता तेव्हा, एक सनद निघाली. तिला वनाची सनद म्हणतात. राजाचं हरिण मारलं म्हणून यापुढे कुणाचा जीव किंवा अवयव घेऊ नये, असं तिच्यात लिहिलं. जंगलात गुरं चारण्याची, डुकरं नेण्याची जुनी वहिवाट मान्य केली. इंग्लंडच्या इतिहासात राजेरजवाड्यांच्या आणि सरदारांच्या सनदा पुष्कळ आहेत. चारा आणि सरपण यांच्याबद्दल बोलणारी ही सनद मला त्या सगळ्यांपेक्षा मोठी वाटते.

या जंगलात राहणाऱ्या हक्कदारांना कॉमनर म्हणतात. त्यांचे हक्क असे. एक, गुरं-तट्टं चारण्याचा. दोन, शरद ऋतूत ओकची फळं पडतात तेव्हा डुकरं सोडण्याचा. यात एक शहाणपण आहे. ही हिरवी फळं गाईला आणि तट्टाला विषारी ठरतात, डुकराला मात्र मानवतात. डुकरांनी फळं वेचून खाल्ली की बाकीची जनावरं वाचतात. तीन, ठरावीक सरपणाचा. चार, माळाचा वरचा थर खणून, वाळवून जाळण्याचा, आपल्या शेणी-गोवऱ्यांसारखा. आणि पाच, शेतात घालायला चुनखडीची माती नेण्याचा.

यातली एक गोष्ट मुद्दाम सांगते. हा हक्क माणसाच्या नावाला चिकटलेला नाही, घराला आणि जमिनीला चिकटलेला आहे. ज्याच्या ताब्यात घर, त्याला हक्क. घर बाईच्या ताब्यात असेल तर हक्कही बाईचा. त्यामुळे घर कुणाच्या नावावर आहे हा प्रश्न तिथेही चुलीपर्यंत येऊन पोचतो. आपल्या गटात घरावर दोघांचं नाव लावायचा विषय निघतो तेव्हा हे आठवा.

वाटेत नाइटवूड नावाचा एक प्रचंड ओक लागतो. त्याच्या बुंध्याचा घेर सात मीटरच्या वर आहे. तो पाचशे वर्षांहून जुना मानतात. डोक्याएवढ्या उंचीवरून त्याला एकदम पुष्कळ फांद्या फुटलेल्या दिसतात. पूर्वी सरपण-चाऱ्यासाठी फांद्या तेवढ्याच छाटत, खोड राखत. खोड जगतं, फांद्या पुन्हा फुटतात. पण अशा झाडाचं लांब, सरळ लाकूड मिळत नाही, आणि सरकारला तर तेच हवं होतं, जहाजांसाठी. म्हणून १६९८ साली कायदा करून ही छाटणी बंद केली. सहा हजार एकर जंगलाला कुंपण घालून तिथे जहाजाचं लाकूड वाढवायचं ठरलं. याच जंगलाच्या कडेला बकलर्स हार्ड नावाच्या ठिकाणी आरमाराची जहाजं बांधत. नेल्सनचं 'ॲगामेम्नन' हे जहाज १७८१ साली तिथेच पाण्यात उतरलं.

आणि इथे आपला संबंध येतो. ओक कमी पडू लागला तेव्हा इंग्रजांची नजर आपल्या सागाकडे वळली. १८०६ साली मलबारात सागावर लक्ष ठेवायला वनसंरक्षक नेमला. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या कारागिरांनी सागाची जहाजं बांधून इंग्रजांच्या आरमाराला दिली. त्यातलं १८१७ सालचं 'ट्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडमध्ये तरंगतं आहे.

परत न्यू फॉरेस्टकडे येऊ. १८५१ साली नवा कायदा झाला. सरकार म्हणालं, हरणं पिकांची नासाडी करतात ना, मग आम्ही ती काढून टाकतो. बदल्यात आणखी दहा हजार एकरांना कुंपण घालून झाडं लावणार. ऐकायला गोड. पण कुंपण पडलं की चराई गेली. चांगली चराई कुंपणाच्या आत, दलदलीचं बाहेर. लोक उठले. शेतकरी उठले, त्यांच्या बरोबरीने या रानाची शोभा आवडणारे चित्रकार, लेखक, शहरातले लोकही बोलू लागले. शेवटी १८७७ साली पार्लमेंटने न्यू फॉरेस्टचा कायदा केला. नवी कुंपणं थांबली, आणि कॉमनरांचे हक्क सांभाळायला वर्डरर या जुन्या पंचांना नव्याने अधिकार मिळाले.

आता एक साल लक्षात ठेवा. १८७७ साली इंग्लंडमधल्या गरीब शेतकऱ्याची चराई कायद्याने वाचली. पुढच्याच वर्षी, १८७८ साली, इंग्रज सरकारने हिंदुस्थानात वनकायदा केला आणि आपल्या लोकांची चराई, सरपण, डिंक, मोह सगळं परवान्याखाली आणलं. जे हक्क तिकडे टिकले ते इकडे 'सवलत' झाले. हक्क आणि सवलत यात फरक काय? सवलत देणारा ती कधीही काढून घेऊ शकतो. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्याने गायरानं आणि डोंगर गिळले म्हणून शेतकऱ्याची गुरं कशी उपाशी मरतात, ते मांडलं आहे. १९३० साली बिळाशीत, पुसदला, चिरनेरला लोकांनी जंगल सत्याग्रह केला, तो याच दुखण्यावर. चिरनेरला तर गोळीबार झाला, माणसं मेली.

ब्रोकनहर्स्टच्या जुन्या चर्चच्या आवारात आणखी एक जागा आहे. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या हिंदी शिपायांसाठी या गावात लेडी हार्डिंज इस्पितळ उघडलं होतं. तिथे काम करणारा बरेलीचा सुखा नावाचा एक सफाई कामगार १९१५च्या जानेवारीत वारला. वय तीस. त्याच्या जातीमुळे त्याचे अंत्यसंस्कार करायला कुणी पुढे येईना, तेव्हा तिथल्या पाद्र्याने त्याला चर्चच्या आवारात जागा दिली, अशी हकीकत सांगतात. गावकऱ्यांनी वर्गणी काढून त्याच्यावर दगड उभा केला. तो आजही उभा आहे. त्या वाटेने सायकल नेणाऱ्याने तिथे दोन मिनिटं उतरावं.

आता सायकलीचं बोलू. दोन्ही चाकं सारखी असलेली आजच्यासारखी सायकल १८८५ साली आली, हवेचा टायर १८८८ साली. त्याच १८८८ साली कायद्याने सायकलीला वाहन मानलं, म्हणजे रस्त्यावर तिचाही हक्क झाला. बायका सायकलवर बसू लागल्या तसा गहजब झाला. लांब झगा साखळीत अडकायचा, म्हणून काही जणी सैल विजार घालू लागल्या. १८९८ साली लेडी हार्बर्टन नावाच्या बाई सरे परगण्यात सायकलने जाताना एका खाणावळीत उतरल्या. मालकिणीने त्यांच्या विजारीकडे बघून त्यांना चांगल्या खोलीत बसू दिलं नाही, दारूच्या गुत्त्याशेजारी बसा म्हणाली. सायकलस्वारांच्या संघटनेने खटला केला. खटला हरले. पण बायकांनी सायकल सोडली नाही, आणि पुढे विजारही. प्रत्येक हक्क कोर्टात जिंकूनच मिळतो असं नाही, काही वापरून वापरून पक्के होतात.

२००५ साली न्यू फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यान झालं, सुमारे ५७० चौरस किलोमीटरचं. पण म्हणून गुरं बाहेर काढली नाहीत. उलट तो माळ गुरांमुळेच माळ राहिला आहे. तट्टं गॉर्सचे काटेरी शेंडेसुद्धा खातात. चराई थांबली तर थोड्या वर्षांत तिथे झाडोरा माजेल, जांभळी फुलं जातील, जमिनीवर घरटी करणारे पक्षी जातील. ज्या देखाव्यासाठी लोक सायकली घेऊन येतात, तो गुरं चारणाऱ्यांनी राखलेला आहे.

तंटे तिथे आजही आहेत. सायकलींच्या मोठ्या शर्यतींवरून वाद झाले, खुणेची वाट सोडून माळात शिरणाऱ्यांवरून होतात, मोटारीखाली जनावरं मरतात त्यावरून होतात. हे सगळं लिंडहर्स्ट गावच्या वर्डररांच्या कोर्टात येतं. दहा वर्डरर. पाच कॉमनरांनी निवडून दिलेले, पाच नेमलेले. तिथे कुणीही उठून उभं राहावं आणि आपलं म्हणणं मांडावं, ते ऐकून घेतात. वकील लागत नाही. सायकलस्वाराला मात्र एकच सांगणं असतं, खुणेच्या वाटेवर राहा आणि सावकाश जा. त्या रानात आधी जनावराचा मान.

मैत्रिणींनो, अशी उभं राहून बोलायची जागा आपल्यालाही आहे. २००६च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क मान्य केले. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर तो मिळवला. या कायद्याच्या नियमांत वनहक्क समितीत एक तृतीयांश बायका असल्याच पाहिजेत. दाव्याच्या ग्रामसभेत हजर असणाऱ्यांतही एक तृतीयांश बायका लागतात, नाहीतर सभा पुरी होत नाही. सरपण आणते कोण? बाई. शेळी चारते कोण? बहुतेक बाईच. मग दाव्याच्या कागदात कुठल्या डोंगरावरून मोळी येते, कुठल्या ओढ्याला गुरं पाणी पितात, हे सांगायला बाई नको का?

तेव्हा पुढच्या मासिक बैठकीत बचतीचा हिशोब झाला की दोन प्रश्न वहीत लिहा. आपल्या गावाचं गायरान किती, ते आज कुणाच्या ताब्यात आहे? आणि जंगल असलेल्या गावांनी विचारा, आपला सामूहिक दावा भरला का, भरला असेल तर समितीतल्या बायकांना सभेचा निरोप जातो का? उत्तर तलाठ्याकडे आणि ग्रामपंचायतीत मिळेल. एकटीने जाऊ नका, चौघी मिळून जा. आणि गावात मुलींना शाळेच्या सायकली मिळाल्या असतील, तर सुट्टीच्या दिवशी एखादी मागून घ्या आणि त्या गायरानाला एक चक्कर मारून या. सावकाश. हद्दीचे दगड कुठे आहेत, ते सायकलवरून चांगले दिसतात.