बंगळूरची सार्क परिषद आणि ‘प्रादेशिक’ या संज्ञेचे दोन अर्थ

मराठी समीक्षेत ‘प्रादेशिक’ हे विशेषण राष्ट्राहून लहान भूभागासाठी रूढ झाले आहे. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’ला (१९५२) आपण प्रादेशिक कादंबरी म्हणतो ते याच अर्थाने. दक्षिण आशियाई प्रादेशिक सहकार्य संघटना, म्हणजे सार्क, या नावात मात्र तेच विशेषण राष्ट्राहून मोठ्या भूभागाचा निर्देश करते. बंगालीत ‘आंचलिक’ हा शब्द दोन्ही अर्थांनी चालतो. हिंदीने कादंबरीसाठी ‘आंचलिक’ आणि संघटनेसाठी ‘क्षेत्रीय’ अशी वाटणी करून घेतली. ही द्व्यर्थता केवळ कोशकारांपुरती मर्यादित नाही, हे १९८६ साली बंगळुरात भरलेल्या परिषदेकडे पाहिले असता ध्यानात येते.

ढाक्यात ८ डिसेंबर १९८५ रोजी सात देशांनी स्थापन केलेल्या सार्कची दुसरी शिखर परिषद १६ व १७ नोव्हेंबर १९८६ रोजी बंगळुरात झाली. यजमान पंतप्रधान राजीव गांधी होते. काठमांडूत सचिवालय स्थापण्याचा करार येथेच झाला. सहकार्याच्या मूळ विषयांत शेती, आरोग्य, हवामानशास्त्र, दूरसंचार, टपाल इत्यादींचा समावेश होता, व्यापाराचा नव्हता. पश्चिम युरोपातील सहा देशांनी १९५१ मध्ये कोळसा व पोलाद यांपासून प्रारंभ केला होता. येथे त्याच्या नेमके उलट घडले. भारताच्या विस्तीर्ण बाजारपेठेपुढे आपले उद्योग टिकतील काय, ही लहान शेजाऱ्यांची शंका अवाजवी म्हणता येणार नाही. बंगळुरात भर पडली ती नभोवाणी व दूरचित्रवाणी कार्यक्रमांची देवाणघेवाण, प्रलेखन केंद्र, शिष्यवृत्त्या व अध्यासने, पर्यटन आणि युवक स्वयंसेवक या योजनांची. व्यापाराची रिकामी जागा जणू संस्कृतीने भरून काढली. संस्कृती निरुपद्रवी असते असे त्यामागे गृहीत धरले असावे. साहित्याच्या अभ्यासकाला ते पटणे कठीण आहे.

त्याचा प्रत्यय परिषदेच्या काळातच आला. सनदेच्या दहाव्या कलमानुसार निर्णय एकमताने व्हावयाचे आणि द्विपक्षीय व वादग्रस्त प्रश्न चर्चेबाहेर ठेवावयाचे. तरीही श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने व राजीव गांधी यांच्यात तमिळ प्रश्नावर बोलणी झाली आणि त्यासाठी वेलुपिल्लै प्रभाकरन यांना मद्रासहून बंगळुरास आणण्यात आले. सभागृहाबाहेर ठेवलेला प्रश्न असा शेजारच्या खोलीत येऊन बसला. तमिळ ही भारतात एका राज्याची, म्हणून पहिल्या अर्थाने प्रादेशिक भाषा. पाल्कची सामुद्रधुनी ओलांडताच ती दुसऱ्या अर्थाने प्रादेशिक होते. बंगाली, नेपाळी, पंजाबी, सिंधी, उर्दू यांचीही हीच स्थिती आहे. मराठीची तशी नाही. कोणत्याही शेजारी राष्ट्राशी तिची भाषिक हद्द भिडत नाही. तिचे सीमाप्रश्न देशांतर्गत आहेत. त्याच वर्षी जूनमध्ये, याच राज्यातील बेळगावात कन्नड सक्तीविरुद्ध आंदोलन होऊन गोळीबारात माणसे मृत्युमुखी पडली होती. सात देशांच्या ‘प्रादेशिक’ सहकार्यासाठी नटलेल्या नगरीत या दुसऱ्या ‘प्रादेशिक’ प्रश्नाला स्थान असण्याचे कारण नव्हते, हे मान्य केले तरी दोन्ही घटना एकत्र वाचल्याखेरीज तो काळ पुरता उलगडत नाही.

व्यापार पुढे आला तो उशिराने. प्राधान्य व्यापाराचा करार १९९३ मध्ये, मुक्त व्यापाराचा २००४ मध्ये झाला. दुसरा २००६ पासून अमलात आला. तरी सदस्यदेशांचा परस्परांतील व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या सुमारे पाच टक्क्यांपलीकडे फारसा गेला नाही. आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेत, आसियानमध्ये, तो एक-चतुर्थांशाच्या आसपास आहे. २०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर शिखर परिषद भरलेली नाही. २०१६ ची इस्लामाबाद परिषद उरी येथील हल्ल्यानंतर रद्द झाली.

सहकार्याच्या मूळ विषयांत टपाल होते, हे वर नोंदविलेच आहे. मे २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानातून होणारी आयात बंद केली व त्या देशाशी चालणारी पत्रे व पार्सले यांची देवाणघेवाण स्थगित केली. कराचीत छापलेले सिंधी नियतकालिक मागवू पाहणाऱ्या भारतीय अभ्यासकाला टपालाची वाट त्या दिवशी बंद झाली.