एका खणांत दोन ब्रेकर

मेहकर गांव १९५६ सालीं मध्य प्रदेशांतून मुंबई राज्यांत आलें आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत. त्याच १९६० सालीं महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालें. जुन्या वाड्यांतून ज्या तारा ओढल्या गेल्या, त्या दिवे व पंखे एवढ्याच हिशेबानें. पुढें वऱ्हाडच्या उन्हाळ्यानें कूलर आणला. मग गीझर आला, पंप आला. वायरमन म्हणतो, पेटींत जागा नाहीं, घरधनी म्हणतात, "त्याच एमसीबीला दुसरी तार जोडून टाका!"

हा प्रसंग अमेरिकेंत पूर्वींच घडून गेला आहे.

आरंभीं घरोघर फ्यूज असे. तो उडाला कीं जाड तार गुंडाळण्याचा मोह कोणास आवरला आहे? १९२४ सालीं जर्मनींतील मॅनहाइम येथें ह्यूगो स्टोट्झ यांच्या कारखान्यांत असा लहान ब्रेकर निघाला, कीं जो अतिभाराच्या उष्णतेनें आणि शॉर्ट सर्किटच्या चुंबकीय ओढीनें आपोआप तुटे, व पुन्हां बसवितां येई. महायुद्धानंतर अमेरिकन घरांत उपकरणें वाढलीं, पेट्या भरल्या. तेव्हां एका ब्रेकरच्या जागेंत मावणारा, दोन खटक्यांचा जोडब्रेकर प्रचारांत आला. युक्ति चांगली, पण लोकांनीं पेटीची मर्यादा न पाहतां ते खुशाल भरले. म्हणून १९६५ च्या तेथील राष्ट्रीय विद्युत-संहितेनें ठरविलें, कीं नेमून दिलेल्या संख्येहून अधिक ब्रेकर बसूंच नयेत अशी पेटीची घडण असावी. जुन्या पेट्यांच्या दुरुस्तीसाठीं मात्र खांच नसलेले जोडब्रेकर निघत राहिले; ते नव्या पेट्यांत शिरूं लागले!

यांत खरा धोका न्यूट्रलचा. अमेरिकन घरांत १२० व्होल्टच्या दोन विरुद्ध जिवंत तारा येतात. दोहोंवरील दोन मंडलांना एकच न्यूट्रल पुरते, कारण तींतून केवळ फरकाचा प्रवाह परततो. तींच मंडलें जोडब्रेकरवर घेतलीं तर दोन्ही एकाच जिवंत तारेवर येतात, आणि प्रवाहांची बेरीज होते. पंधरा आणि पंधरा, तीस अँपिअर, पंधराच्या तारेंतून! ब्रेकर पडत नाहीं, कारण न्यूट्रलवर ब्रेकर नसतो.

आपल्याकडे सामान्य घरास २३० व्होल्टची एकच जिवंत तार येते. म्हणजे प्रवाहांची बेरीज नेहमींचीच. कूलरला नवा एमसीबी देऊन त्याची परतीची तार दिव्यांच्या जुन्या न्यूट्रलला बांधली, कीं तोच अनर्थ. एका एमसीबीखालीं दोन तारा कोंबणें त्याहूनही वाईट. सोळा अँपिअरचा तो वारंवार पडूं लागतो, मग त्याच्या जागीं बत्तीसचा बसवितात, आणि भिंतींतील तार तीच राहते. त्या मानानें अमेरिकन जोडब्रेकर पुष्कळ बरा; त्यांत निदान प्रत्येक तारेस आपला राखणदार असतो. येथें मोठी पेटी घ्यावी, प्रत्येक मंडलास स्वतंत्र न्यूट्रल ओढावी आणि मंजूर भार वाढवून घ्यावा, हाच मार्ग आहे. खर्चामुळें तो पुढच्या उन्हाळ्यावर ढकलला जातो.