फादो संग्रहालय, लिस्बन

पोर्तुगालच्या राजधानीतील, फादो या नागरी गानप्रकाराला वाहिलेले महापालिकेचे संग्रहालय. टेगस नदीकाठच्या आल्फामा वस्तीत आहे. ही वस्ती १७५५ च्या भूकंपातून बऱ्याच अंशी वाचली. जवळचे रेल्वे व मेट्रो स्थानक सांता आपोलोनिया.

इतिहास : इमारत मूळची वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या पाणी उपसा केंद्राची (१८६८). तिचे रूपांतर करून २५ सप्टेंबर १९९८ रोजी संग्रहालय खुले झाले. २००८ मध्ये मांडणी बदलली. २०११ मध्ये युनेस्कोने फादोचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात समावेश केला. त्यासाठीच्या प्रस्तावात संग्रहालयाचा मोठा वाटा होता. अभ्यास समितीचे नेतृत्व संगीतज्ञ रुई व्हिएरा नेरी यांनी केले.

एकोणिसाव्या शतकात फादो बंदरालगतच्या गुत्त्यांत, खलाशी व कष्टकऱ्यांत वाढला. मोरारिया वस्तीतील मारिया सेव्हेरा (१८२०–४६) ही त्याची पहिली ख्यातनाम गायिका; तिच्यावरील ‘आ सेव्हेरा’ (१९३१) हा पहिला पोर्तुगीज बोलपट. १९२७ पासून गायकांना परवाना सक्तीचा झाला व गीते सेन्सॉरकडून तपासून घ्यावी लागू लागली. पुढे आमालिया रॉड्रिग्ज (१९२०–९९) यांनी फादो जगभर पोहोचवला.

संग्रह : ध्वनिमुद्रिका, छापील गीते, वेशभूषा, छायाचित्रे व पोर्तुगीज गिटारी. या गिटारीला बारा तारा, दोन-दोनच्या सहा जोड्यांत. लिस्बन व कोईंब्रा अशी तिची दोन घराणी. जुझे माल्योआ यांचे ‘फादो’ (१९१०) हे तैलचित्र विशेष प्रसिद्ध. त्यासाठी चित्रकाराने मोरारियातील गिटारवाला आमांसियु व त्याची सोबतीण आडेलाईद यांनाच समोर बसवले होते. पेशाने सुतार असलेले गायक आल्फ्रेदु मार्सेनेरु यांनी स्वतः घडवलेली लाकडी ‘मारिकिन्यासचे घर’ ही प्रतिकृतीही येथे आहे. त्यांच्या गाजलेल्या फादोतले घर त्यांनी असे हाताने उभे केले. प्रत्येक दालनात मुद्रणे ऐकण्याची सोय आहे.

गोमंतकाशी संबंध : पोर्तुगीज राजवटीत (१९६१ पर्यंत) फादो गोव्यात पोहोचला व ख्रिस्ती कुटुंबांत मांडो या कोकणी गीतप्रकाराबरोबरच गायला गेला. अलीकडे फोंड्याच्या सोनिया शिरसाट यांनी तो मैफलींतून व शिकवणीतून पुन्हा रुजवला आहे.

सोयी : दुकान, उपाहारगृह. प्रवेश सशुल्क, सोमवारी बंद.